कुर्डुवाडी लांब नव्हती

माझ्या बायकोने पंचेचाळीस वर्षं शेंगाची चटणी खाल्ली नाही. सोलापुरात राहून. ती चटणी ती स्वतः कुटायची, तेल सुटेपर्यंत, माझ्या भाकरीवर वाढायची आणि आपण ताकात भाकरी कुस्करून खायची. लसूण नाही, गूळ नाही, बाजरी नाही, आंबा नाही. संक्रांतीला तीळ फक्त जिभेला लावण्यापुरता. सकाळी उठल्यावर धने-जिऱ्याचं भिजवलेलं पाणी, दुपारी सब्जा. कारण तिच्या अंगात उष्णता होती. असं तिला कुठल्या वैद्याने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं.

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लिवा. नावं नको, गल्ली नको. बाकी काय झाकू नका." म्हणून लिहितो.

तरुणपणी मी एका चादरीच्या कारखान्याचा माल विकायला फिरतीवर असायचो. नमुन्यांची वळकटी खांद्याला आणि महिन्यातले पंधरा-वीस दिवस घराबाहेर. लग्नाला दीड-दोन वर्षं झाली असतील. एका परक्या गावी तीन दिवस लॉजवर मुक्काम पडला. दुसऱ्या कारखान्यांचे दोघे विक्रेते तिथेच होते. एका संध्याकाळी ते एका घरी निघाले आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो. मला कुणी ओढून नेलं नाही. नाही म्हणता आलं असतं. इतकी वर्षं मी मनात त्या दोघांना दोष देऊन पाहिला, पण पाय माझेच होते.

घरी आलो, चार दिवस राहिलो, पुन्हा फिरतीवर गेलो. त्यानंतर मला एक जखम दिसली. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून मी दुर्लक्ष केलं. ती बरी होईना तेव्हा घाबरलो. सोलापुरात कुणाकडे जायची हिंमत नव्हती. इथे प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी ओळखीचं बसलेलं असतं. कुर्डुवाडीला माझी गाडी बदलायची असायची. तिथे एका म्हाताऱ्या डॉक्टरांची पाटी मी येता-जाता पाहिली होती. तिथे गेलो.

त्यांनी तपासलं, रक्त घेतलं आणि सरळ सांगितलं, "गरमी आहे ही."

गरमी म्हणजे उपदंश, गुप्तरोग, हे मला माहीत होतं. आमच्या पिढीतल्या पुरुषांना तो शब्द माहीत असायचा आणि तो कधी मोठ्याने बोलायचा नाही हेही माहीत असायचं. त्यांनी इंजेक्शनं दिली. ती इतकी दुखायची की गाडीत मी उभ्याने प्रवास केला. शेवटच्या इंजेक्शनाच्या दिवशी त्यांनी विचारलं, "लग्न झालंय?"

"हो."

"बायकोला घेऊन ये. पुढच्याच आठवड्यात. तिलाही द्यायला लागणार."

"तिला काही नाही झालेलं, डॉक्टर."

"दिसत नसलं तरी असतं. आण तिला."

मी हो म्हणालो, पण तिला नेलं नाही. तिला काय सांगून न्यायचं, हेच मला सुचत नव्हतं. आज आणीन, उद्या आणीन करत महिना गेला. मग वाटलं, तिला काही दिसत नाही म्हणजे काही नसेलच. घरी मला नीट बसता येईना तेव्हा तिने विचारलं होतं, काय झालंय. मी म्हणालो, "काही नाही, अंगात उष्णता झालीय." गरमी हा शब्द मी कुर्डुवाडीच्या स्टेशनवर सोडला आणि घरी उष्णता घेऊन आलो.

त्यानंतर तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात गेलं. पुढल्या वर्षी परत राहिलं, आठव्या महिन्यापर्यंत गेलं, आणि मुलगी झाली ती मेलेलीच. मी तिला एकदाच पाहिलं, कापडात गुंडाळलेली.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, मंगळवेढ्याहून बाळंतपणाला आली होती. ती आता रिकाम्या हाताने परत जाणार होती. बाहेरच्या कट्ट्यावर तिने मला हळूच विचारलं, "हिच्यात काय दोष हाय रं? डॉक्टर काय म्हनतो?"

डॉक्टर काहीच म्हणाला नव्हता. मला कारण माहीत होतं, किंवा निदान संशय होता. मी म्हणालो, "तिच्या अंगात उष्णता फार आहे, अक्का."

"तरीच," अक्का म्हणाली. "गरम अंगात गर्भ टिकत न्हाय."

एवढंच बोलणं झालं. पण अक्काने ते मंगळवेढ्याला नेलं, तिथून माझ्या सासरी अक्कलकोटला गेलं, आणि आमच्या आळीत तर सगळ्यांच्या तोंडी झालं. गरम अंगाची बाई. कुणाचं डोहाळजेवण असलं की तिला मागे बसवत, ओटी भरायला पुढे घेत नसत. तिने कधी तक्रार केली नाही, कारण तिचाही त्यावर विश्वास होता. आपल्या अंगाने दोन लेकरं खाल्ली, असं ती एकदा मला म्हणाली. तेव्हा मी तिला जवळ घेतलं, आणि गप्प राहिलो. पुढे तिला दिवस गेलेच नाहीत. ती पथ्य पाळत राहिली. मूल होण्याच्या वयाच्या कितीतरी पुढे गेल्यावरही पाळत राहिली. मी एकदा म्हणालो, आता कशाला, खा की. म्हणाली, "सवय लागली. आन् अंग तर तेच हाय न्हवं?"

गेल्या कार्तिकात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. त्याआधी रक्त तपासतात तसं तपासलं. दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, "आजी, साखर चांगली आहे. ऑपरेशनची काळजी नको. पण रक्तात एक जुना संसर्ग दिसतोय. सरकारी दवाखान्यात त्याचा वेगळा विभाग आहे, तिथे दोघं जाऊन या." आणि कागदावर त्यांनी चार इंग्रजी अक्षरं लिहिली, व्ही. डी. आर. एल. मला ती वाचायला चष्मा लागला नाही. ती मी कुर्डुवाडीच्या कागदावर पाहिली होती.

"संसर्ग म्हंजे काय?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"असतं काहीतरी. बघू तिथे."

म्हणजे त्या दिवशीसुद्धा मी खोटंच बोललो.

आता त्या विभागात काय होतं ते सांगतो, कारण तिथे काय होईल याच्या भीतीनेच माझं आयुष्य गेलं. मला वाटलं होतं, पाटीवर मोठ्या अक्षरांत गुप्तरोग लिहिलेलं असेल, रांगेत नावाने पुकारतील, लोक माना वळवून बघतील. तसं काही नव्हतं. केसपेपर काढला, जिन्याच्या डावीकडची खोली दाखवली. दारावर खोलीचा नंबर. आम्हाला एकेक कार्ड दिलं आणि कार्डावरच्या नंबराने बोलावलं. बाकावर एक ट्रक चालवणारा माणूस बसला होता. लग्न ठरलेलं एक जोडपं होतं, आपणहून तपासणी करून घ्यायला आलेलं. दोघं एकाच मोबाइलमध्ये बघून हसत होती. एक गरोदर बाई होती, सासूबरोबर. सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "आता सगळ्याच गरवार बायांचं रगत बघतात. लवकर कळलं तर बाळ वाचतंय म्हनं."

माझी बायको तिच्या पोटाकडे बघत राहिली. त्या बोलण्याचा आपल्याशी काही संबंध आहे, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. मला होतं.

आत एक समुपदेशक होती, तिशीतली, केस मागे बांधलेले. तिने आधी बायकोला एकटीला बोलावलं, मग मला एकट्याला. दार लावून घेतलं. म्हणाली, "काका, पाणी घ्या. इथे कुणी कुणाला ओरडत नाही. मी काही प्रश्न विचारीन. सांगायचे नसतील ते सांगू नका, पण सांगितलेत तर उपचार नीट होईल."

मग तिने काय काय होणार ते आधीच सांगितलं. दंडातून रक्त घेणार, एक छोटी बाटली. त्यात या आजाराची तपासणी, आणि माझी परवानगी असेल तर एचआयव्हीची. डॉक्टर पडद्यामागे अंग तपासतील. बायकांना तपासताना सिस्टर सोबत असते. नको म्हणायचा हक्क कुठेही आहे. निकाल दुसऱ्या दिवशी मिळेल, आणि तो ज्याचा त्यालाच.

प्रश्न साधे होते. कधी जखम झाली होती का? बायकोशिवाय आणखी कुणाशी संबंध आला होता का? पूर्वी कधी या आजाराची इंजेक्शनं घेतली होती का? ती हे असं विचारत होती की जणू चष्म्याचा नंबर विचारतेय.

मी सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही लेकीच्या वयाच्या मुलीला. लॉज, ते घर, कुर्डुवाडी, म्हातारे डॉक्टर, बायकोला घेऊन ये म्हणालेले. मला वाटलं होतं, ती पेन खाली ठेवेल. तिने ठेवलं नाही. लिहीत राहिली. एका ठिकाणी फक्त विचारलं, "इंजेक्शनं पूर्ण घेतली होती?"

"हो."

"आणि काकूंना?"

मी मान हलवली.

तिने ते लिहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही इथे सांगितलेलं इथेच राहील. मी काकूंना सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण काकूंना काय झालंय आणि ते कशाने होतं, हे मी त्यांना सांगणार. ते त्यांचं आहे."

"ती विचारेल, कुठून आलं."

"मी म्हणेन, ते रक्तावरून कळत नाही."

"मग?"

"मग त्या बाहेर येतील," ती म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर असाल."

रक्त घेताना मुंगी चावल्यासारखं झालं. डॉक्टरांनी पडद्यामागे दोन मिनिटांत तपासलं, चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. ज्याला मी इतकी वर्षं भ्यालो ते एवढंच होतं. पुण्याला जाणाऱ्या गाडीचं रिझर्वेशन काढायला याहून जास्त वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी निकाल आले. आधी माझा. एचआयव्ही नाही. जुन्या आजाराची एक तपासणी कोरी होती, दुसरीत खूण होती. डॉक्टर म्हणाले, "हा आजार तुम्हाला कधीतरी झाला होता आणि उपचार झालेत. आता रोग नाही. रक्ताला आठवण राहिलीय, ती आयुष्यभर राहते." मग बायको आत गेली. बराच वेळ लागला. मी कडुलिंबाखालच्या बाकावर बसलो. आवारात एक माणूस पपईच्या फोडी विकत होता. तीही तिने कधी खाल्ली नव्हती.

ती आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. समोर बघत म्हणाली, "एक इचारू? रागवनार न्हाय न्हवं?"

"विचार."

"त्या पोरीनं सांगितलं, ह्यो रोग बाई-बाप्याच्या संबंधानं येतो. दुसरं कशानं येत न्हाय म्हनली. ताटानं न्हाय, कपड्यानं न्हाय. मी शपथ घेते. माझ्या अव्वाची, आईची शपथ. मी तुमच्याबिगर कुणाकडं मान वर करून बघितलं न्हाय. तुमी म्हैना-म्हैना बाहेर असायचा, तरी न्हाय. तुमाला माझा संशय यील, पन—"

ती शपथ घेत होती. माझ्यापुढे ती स्वतःची सुटका मागत होती. एवढी वर्षं मी सांगायला शब्द शोधत होतो, आणि त्या क्षणी शब्दांची गरजच उरली नाही.

"तू नाही," मी म्हणालो. "मी आणलाय तो. मी."

मग सगळं सांगितलं, त्या पोरीला सांगितलं तसंच, त्याच क्रमाने. तिने लॉजबद्दल काही विचारलं नाही, त्या बाईबद्दलही नाही. मी थांबलो तेव्हा तिने एकच विचारलं.

"त्या डॉक्टरानं मला आना म्हनलं हुतं?"

"हो."

"तवा. पयल्या लेकराच्या आदी."

"हो."

"कुटं हुता त्यो?"

"कुर्डुवाडीला."

ती पपईवाल्याकडे बघत होती. म्हणाली, "कुर्डुवाडी काय लांब हुती व्हय?"

मी माफी मागितली. ती "हं" म्हणाली, जसं दार वाजल्यावर म्हणतात. मग उठली आणि पुन्हा त्या खोलीत गेली. मला वाटलं, तिला माझ्याजवळ बसायचं नाही. पण तिला एक प्रश्न विचारायचा राहिला होता. दार उघडं होतं, मी मागोमाग गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, माझी दोन लेकरं गेली. ती ह्यानंच का?"

समुपदेशकाने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आजी, इतक्या वर्षांनी खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. पण उपचार झाला नसेल तर या आजारात असं होतं. बहुतेक त्यानेच."

"म्हंजे खान्यानं न्हाय."

"कसल्या खाण्याने?"

"गूळ, लसून, शेंगा. अंगात उष्णता म्हनून."

"नाही आजी. खाण्याचा काही संबंध नाही. तुमच्या अंगाचा काही दोष नव्हता."

ती खुर्चीत जरा मागे टेकली. समुपदेशकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी दारातून बाजूला झालो.

तिला तीन इंजेक्शनं होती, दर आठवड्याला एक फेरी. आधी थोडंसं औषध टोचून त्रास होत नाही ना ते पाहिलं, अर्धा तास बसवून ठेवलं. मग कमरेखाली दोन्ही बाजूंना दिलं. ते किती दुखतं हे मला माहीत होतं, आणि मला तिथे हात द्यायचा होता, पण तिने सिस्टरचा हात धरला. रिक्षात ती अवघडून बसून बाहेर बघत होती. पहिल्या दोन आठवड्यांत ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. चहा ठेवलाय. नळ आला. स्वयंपाक नेहमीसारखा करायची, माझ्या पानात चटणी वाढायची. आपण मात्र अजून ताकच घ्यायची. मी एकदा चटणीचा डबा तिच्याकडे सरकवला. तिने तो उचलून फळीवर ठेवला.

तिसऱ्या फेरीला समुपदेशकाने सांगितलं, "काकू, सहा महिन्यांनी परत रक्त बघू. आता डोळ्याचं ऑपरेशन खुशाल करा." मग विचारलं, "आणखी काही?"

"हाय," बायको म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मंगळवेढ्याला जायचं. वन्संच्या समोर हे बोलायचं. मला बोलला तसं."

"अक्का शहाऐंशी वर्षांची आहे गं."

"माझी लेकरं किती वर्सांची असती आता?" ती म्हणाली.

समुपदेशक कार्डावर तारीख घालत होती. तिने मान वर केली नाही.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. पौषात, हुरड्याच्या दिवसांत, आम्ही एसटीने मंगळवेढ्याला गेलो. बायकोने काळा चष्मा घातला होता. अक्का अंगणात उन्हाला बसली होती, अंगावर आमच्याच कारखान्याची जुनी चादर. तिला आता फार कमी ऐकू येतं. भाचा शेतात हुरडा भाजायला गेला होता, त्याची बायको आत होती. माझी बायको अक्काच्या शेजारी जमिनीवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अक्का, तुला एक सांगायचंय. जुनं."

"सोनं? कुनाचं सोनं?"

"जुनं म्हनतायत, वन्सं. जुनं."

"मग बोल की मोट्यानं. तोंडात गुळनी धरलीय का?"

मी वाकून तिच्या कानाशी गेलो. "अक्का, तरुणपणी मला गरमी झाली होती."

"आं?"

"गरमी! गरमी झाली होती मला!"

अक्काने माझ्याकडे निरखून पाहिलं. "पौषात कसली रं गरमी? मी हितं चादर घिऊन बसलीय. अगं सूनबाई, पानी आन मामाला. बघ कसा लाल झालाय. ह्याला उन्हाचं कशाला आनलंस गं तू?"

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही मला हसत होती.

तेव्हा मला कळलं की हा शब्द मला पुन्हा वाचवतोय. कुर्डुवाडीपासून त्याने मला वाचवलं होतं. अक्काने त्या शब्दावर पाणी मागवलं होतं, मी ते प्यालो असतो, आणि बोललो असं म्हणून घरी परत आलो असतो. बायकोचं हसू थांबलं. ती वाट बघत होती.

मी अक्कासमोर खाली बसलो. जितक्या मोठ्याने बोलता येईल तितक्या मोठ्याने बोललो.

"अक्का, लग्न झाल्यावर मी बाहेरच्या बाईकडे गेलो होतो. तिथून रोग घेऊन आलो. तो हिला दिला. औषध मी घेतलं, हिला दिलं नाही. हिची दोन लेकरं त्यानेच गेली असावीत. हिच्या अंगात उष्णता नव्हती. मी तुझ्याशी खोटं बोललो."

सूनबाई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली होती, ती तशीच राहिली. शेजारच्या अंगणात कुणीतरी धुणं आपटत होतं, ते थांबलं. या वेळी अक्काला सगळं ऐकू गेलं होतं. तिची हनुवटी हलायला लागली.

"मला का खोटं सांगितलंस?" ती म्हणाली. "मी गावभर तेच सांगत फिरले की रं. तुझं पाप माझ्या तोंडानं बोलवून घेतलंस."

मी मान खाली घातली.

"माझ्या धाकलीच्या डोहाळजेवनाला," ती बायकोकडे वळून म्हणाली, "मी तुला मागं बसवलं हुतं."

"व्हय," माझी बायको म्हणाली. "ध्यानात हाय माझ्या."

तिने जाऊ द्या म्हटलं नाही. अक्काही माफ कर म्हणाली नाही. अक्काने फक्त चादरीचं एक टोक सोडवलं आणि तिच्या मांडीवर टाकलं. दोघी एका चादरीत बसून राहिल्या. मी समोर उन्हात.

थोड्या वेळाने भाचा हुरडा घेऊन आला, गरम, राखेच्या वासाचा. सूनबाईने ताटं केली. हुरडा, शेंगाची चटणी, गुळाचा खडा. माझ्या बायकोच्या ताटात तिने सवयीने चटणी-गूळ वगळून दह्याची वाटी ठेवली. इतकी वर्षं त्या घरात तिचं ताट असंच होतं.

बायकोने वाटी उचलून माझ्या ताटात ठेवली.

"दही ह्यांना. उष्णता ह्यांची हाय," ती म्हणाली. "मला चटनी वाढ."

सूनबाईने सासूकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "वाढ की. बघतीस काय? गूळ पन दे."

तिने हुरड्याचा घास चटणीत दाबून तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, तिखटाने की कशाने ते मी विचारलं नाही. सावकाश चावत राहिली. मग अक्काला म्हणाली, "लसून जास्त झालाय. मी घालते त्यापेक्षा लई." आणि दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. ताट पुसून खाल्लं. मी दही खाल्लं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर ज्वारीची रानं, पोपटी. सोलापूर जवळ आलं असेल, तिने छातीवर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं. मी घाबरलो. पाण्याची बाटली काढली, म्हणालो, काय होतंय, कंडक्टरला सांगू का, दवाखान्यात जायचं का.

"बसा गप," ती म्हणाली. पाण्याचा एक घोट घेतला, बाटली माझ्याकडे परत दिली. "जळजळतंय नुसतं. हे मात्र चटनीचंच हाय."